चोवीस तासांचा पट्टा

टेक्निशियन मुलीने माझ्या डाव्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा गुंडाळला, नळी मानेमागून फिरवून कमरेच्या डबीला जोडली आणि पाठ असल्यासारख्या सूचना सांगितल्या. पट्टा फुगायला लागला की हात सरळ खाली सोडायचा, हलवायचा नाही, बोलायचं नाही. दिवसा दर वीस मिनिटांनी फुगेल, रात्री दर अर्ध्या तासाने. उद्या सकाळपर्यंत अंघोळ नाही. आणि हा डायरीचा कागद. कधी काय करत होतात, कधी झोपलात, कधी उठलात, सगळं वेळेसकट लिहायचं.

"आणि आकडे बघत बसू नका हं. बघितले की वाढतात."

"बरं."

"रात्री मध्ये जाग आली तर तीही वेळ लिहा."

"तेवढी जागा नाहीये या कागदावर," मी म्हणाले. तिला तो विनोद वाटला. हसली.

या पट्ट्यापर्यंत पोचायला मला सात महिने लागले होते. सुरुवात झाली कामावर. दुपारची वेळ, समोर काही विशेष नाही, आणि बसल्या बसल्या ऊर असं धडधडायला लागलं की शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल असं वाटलं. डावा हात जड झाला. सहकाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात जे प्रोटीन वाढतं त्याची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा केली. दोन्ही वेळा नॉर्मल. बीपी मात्र १५२/९६ होतं. तिथले डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "इथे आल्यावर वाढतंच सगळ्यांचं. हार्ट ठीक आहे. टेन्शन घेऊ नका."

हे वाक्य मग मला वर्षभर ऐकायला मिळालं. नात्यातल्यांकडून, शेजाऱ्यांकडून, एकदा तर फोनवर माझी तक्रार नोंदवून घेणाऱ्या अनोळखी मुलाकडून. आपल्याकडे राग येतो, झोप येते, भीती वाटते. टेन्शन तेवढं 'घेतलं' जातं. जणू दारावर कुणीतरी वाटत फिरतंय आणि मीच हावरटासारखी दोन्ही हात पुढे करतेय.

डॉक्टर अगदीच चुकीचं बोलले असं नाही. दवाखान्यात बीपी वाढतं हे खरंच आहे, पांढरा कोट पाहून वाढलेलं बीपी ही नोंदलेली गोष्ट आहे. पण उलटंही होतं. दवाखान्यात चांगलं येतं आणि घरी, कामावर, रात्री वाढलेलं असतं. ते कुणाला दिसत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या काढायच्या तर खात्रीचा उपाय: माणसाच्या मागे चोवीस तास यंत्र लावायचं. पहिल्या वेळी हे कुणी सुचवलं नाही. मीही विचारलं नाही. 'टेन्शन आहे' म्हटलं की प्रश्न संपतो, त्याला मोजायला कोण जातं?

मधल्या काळात आणखी एक किरकोळ प्रकार झाला. कपाटाच्या पत्र्याने तर्जनी कापली. टाके घालण्याइतकी जखम नव्हती. आठ-दहा दिवसांत बुजायला हवी होती, ती महिना उलटला तरी कडेने ओलीच. मधुमेह असेल म्हणून रक्त तपासायला गेले. साखर नॉर्मल निघाली. पण या वेळी समोर दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी बोट पाहिलं, बीपी घेतलं, दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, आणि विचारलं, "रात्री किती वेळा उठता?"

किती वेळा लघवीला उठता, असं मला वाटलं. "एकदा," मी म्हणाले.

"तसं नाही. एकूण किती वेळा उठता?"

तेव्हा मी बाबांबद्दल सांगितलं.

बाबांना स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली होती. आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासले त्यांनी. एका पैशाचा फरक राहिला तर रात्री बारापर्यंत वह्या उलगडून बसायचे. आता दिवसा ते पुष्कळसे शांत असतात. दिवस कलला की मात्र बदल होतो. "चला, घरी जायला उशीर झाला," म्हणून पिशवी शोधायला लागतात. घरातच बसलो आहोत हे सांगून उपयोग नसतो. रात्री दोन-तीन वेळा उठतात आणि दाराशी जातात. एकदा कडी काढून जिन्यापर्यंत पोचले होते. त्या रात्रीनंतर मी त्यांच्या खोलीच्या दाराला एक छोटी घंटी लावली, आणि माझी झोप त्या घंटीला बांधली गेली. वाजली की उठायचं, एवढंच असतं तर चाललं असतं. ती न वाजता मी उठायला लागले, का वाजली नाही ते बघायला.

तर पट्टा. सकाळी साडेनऊला बांधला आणि थेट कामावर गेले. पहिल्या तासात मी त्याचीच वाट बघत होते. आधी एक बारीक 'टिक', मग घरघर, मग दंड आवळत जातो, शेवटच्या क्षणी वाटतं की आता थांबणारच नाही, आणि मग सुस्कारा सोडल्यासारखा सैल पडतो. दुपारपर्यंत सवय झाली. मी डायरीत लिहीत गेले: संगणकावर काम. जेवण. जिना चढले. साहेबांशी वाद. हा शेवटचा शब्द लिहिताना मला थोडं समाधानच वाटलं. म्हटलं, आता सापडेल चोर.

संध्याकाळी घरी आले तर बाबांनी यंत्र लगेच हेरलं. "हे काय लावलंय?" मी सांगितलं. ते जवळ येऊन माझ्या कमरेवरच्या डबीकडे वाकून बघू लागले. नेमका तेव्हाच पट्टा फुगला. मी हात सोडून गप्प उभी. पडद्यावर आकडे आले आणि बाबांनी ते खणखणीत आवाजात वाचले, जसे ते हाताखालच्या माणसाला वाचून दाखवायचे: "एकशे अठ्ठेचाळीस. ब्याण्णव." मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "हे बरोबर नाही. पुन्हा तपासा."

माझ्याकडून आकडे न बघण्याचा नियम असा मोडला गेला.

रात्री नऊ दहाला दादाचा फोन. दादा दुसऱ्या शहरात असतो. रोज रात्री जेवण झाल्यावर फोन करतो, न चुकता, हे मी मान्य करते. "बाबा कसे आहेत? जेवले? त्यांना चालायला नेत जा गं. वर्तमानपत्र वाचायला देत जा, मेंदूला व्यायाम हवा. आणि तू टेन्शन घेऊ नकोस." डायरीत मी लिहिलं: 'फोन'.

झोपताना यंत्र उशीशेजारी ठेवलं, नळी पांघरुणाबाहेर. बारा वाजायला वीस मिनिटं असताना घंटी. सव्वाला घंटी. तीनला दहा कमी असताना घंटी नाही, पण मी उठले. चार वीसला बाबा पिशवी घेऊन दाराशी. प्रत्येक वेळी अंधारात चाचपडत पेन शोधून वेळ लिहिली. सकाळी अक्षर पाहिलं तर ते माझं वाटतच नव्हतं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आलेखाचा कागद माझ्या बाजूला फिरवला आणि पेन्सिलचं टोक त्याच्यावरून चालवत नेलं. दिवसाची सरासरी १३८/८६. घराबाहेर-घरात फिरून मोजलेल्या बीपीला दिवसाची हद्द १३५/८५ धरतात, म्हणजे मी थोडी वर. 'साहेबांशी वाद' या नोंदीपाशी त्या थांबल्या. तिथे आकडा होता १३४. माझा चोर सपशेल निर्दोष. कामावरचे आकडे दिवसातले सगळ्यात बरे होते.

"आणि हा नऊ दहाचा फोन कुणाचा?" त्यांनी विचारलं. तिथे १६१/९९.

"भावाचा."

"भांडण?"

"नाही. काळजीने करतो तो."

त्यांनी काही न बोलता पेन्सिल पुढे नेली. रात्रीचा भाग आला. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसाच्या मानाने १० ते २० टक्के खाली उतरतं; हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच काय ती विश्रांती. माझी रात्रीची सरासरी १३१/८०. उतार फक्त पाच टक्के. आणि रात्रीची हद्द असते १२०/७०. ज्यांचा हा उतार होत नाही त्यांना पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, दिवसाचे आकडे फार वाईट नसले तरी.

साडेतीनच्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवून त्या म्हणाल्या, "इथे तुम्ही झोपलात असं लिहिलंय."

"हो. त्या वेळी झोपले होते."

"याला कळलेलं दिसत नाही."

त्या रात्रीपासून मी वाचत सुटले. शाळेत शिकलेलं बरंचसं विसरले होते ते नव्याने कळलं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५च्या सुमारास लढा-किंवा-पळा हा प्रकार मांडला: धोका दिसला की अॅड्रेनलिन हे हॉर्मोन सुटतं, हृदय जोरात धावतं, पचन थांबतं, रक्त स्नायूंकडे जातं. मागोमाग कॉर्टिसोल हे दुसरं हॉर्मोन येतं आणि रक्तात साखर सोडून ही तयारी टिकवून धरतं. वाघ निघून जाईपर्यंत हे उत्तम आहे. १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की थंडी असो, अतिश्रम असोत की विष, त्रास वेगळा असला तरी शरीरात उमटणारी खूण एकच: मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी आक्रसतात, जठरात व्रण पडतात. माझा वाघ रोज रात्री पिशवी घेऊन घरी निघतो आणि तो माझा बाप आहे, त्यामुळे ना लढता येतं ना पळता.

बोटाचंही उत्तर सापडलं. १९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये एक छोटासा अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया, आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या पण हे काम नसलेल्या तेरा स्त्रिया. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. शुश्रूषा करणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. तेरा हा आकडा लहान आहे, कबूल. पण मी तर्जनीकडे बघत ते वाचलं आणि मला, कसं सांगू, कुणीतरी साक्ष दिल्यासारखं वाटलं.

एक मात्र बजावून सांगते, प्रत्येक दुखणं ताणावर ढकलायच्या मी विरोधात आहे. जठरातल्या अल्सरचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं डॉक्टर त्या रुग्णांना 'काळजी करू नका' असं सांगत राहिले. मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरच्या मुळाशी एक जिवाणू आहे, आणि २००५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. ताण ही सबब झाली की तपासणी थांबते. माझं बीपी सात महिने त्या सबबीखालीच झाकलेलं राहिलं.

घरातल्या आलेखाकडे मात्र माझं लक्ष उशिरा गेलं. माझी मुलगी चौदा वर्षांची. तिच्या पोटात सकाळी दुखायचं, शाळेच्या दिवशी जास्त. मी ते शाळा टाळण्याचं निमित्त समजत होते. रिपोर्ट आल्यानंतर एके रात्री मी तिला सहज विचारलं, मी फार चिडते का गं? ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "तुझ्या चपलांच्या आवाजावरून कळतं मला, आज बोलायचं की नाही ते."

मी बाबांच्या घंटीवर कान ठेवून होते आणि ती माझ्या चपलांवर. कामावरही हेच चाललेलं असणार. हाताखालचा नवा मुलगा शंका विचारायचा बंद झाला होता. मला वाटलं, शिकला. त्याने न विचारता केलेली एक मोठी चूक दोन महिन्यांनी बाहेर आली तेव्हा समजलं की तो शिकला नव्हता, घाबरला होता. अशी किती घरं असतील, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता, त्यांच्याकडे बघणारी घरची माणसं दिवसाला सरासरी ५ तास त्यात घालवतात, आणि त्या तासांपैकी ७० टक्के बायकांचे असतात. आजाऱ्यांची मोजदाद होते. चपलांवर कान ठेवून बसलेली पोरं कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

डॉक्टरांनी एक कमी ताकदीची गोळी दिली. मीठ कमी, चालणं, श्वासाचे व्यायाम सांगितले. ते मी केले, अजून करते, पाच मिनिटं बरं वाटतं. पण त्यांनी शेवटी जे सांगितलं ते मला सगळ्यात अवघड गेलं. "गोळीच्या जोडीला आठवड्यातून निदान चार रात्री दुसऱ्या कुणीतरी जागायला हवं. हे प्रिस्क्रिप्शनवर लिहून देऊ का?"

मी म्हटलं, द्या लिहून.

त्या कागदाचा आणि आलेखाचा फोटो काढून मी दादाला पाठवला. नऊ दहाच्या ठिपक्याभोवती लाल गोल केला होता. खोडसाळपणा होता तो, मान्य. त्याचा लगेच फोन आला. आधी रागावला. मग म्हणाला, "मलाही कमी टेन्शन नाही. तुला काय माहीत माझ्या कामाचं?" ते खोटं नव्हतं. तो मोठ्या हुद्द्यावर आहे आणि राबतो. पण मी तोवर ब्रिटिश सरकारी नोकरांच्या अभ्यासाबद्दल वाचलेलं होतं. मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या हजारो कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. सगळ्यांना वाटत होतं की वरच्या खुर्चीतल्या साहेबांना हृदयविकार जास्त होत असणार. निघालं उलटं: हुद्दा जितका खालचा, तितका हृदयविकाराने मृत्यू जास्त. सिगारेट वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. पुढच्या अभ्यासात एक धागा पुन्हा पुन्हा हाती आला: आपल्या कामावर आपला ताबा किती.

"दादा," मी म्हटलं, "तुझी मीटिंग कधी संपवायची ते तू ठरवतोस. बाबा कधी उठणार ते मी ठरवत नाही."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग, "किती रात्री म्हणालीस?"

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. वहिनीचं म्हणणं वेगळं होतं आणि तिच्या बाजूने ते बरोबरही होतं. तिची आई तिच्याकडेच असते. दोन महिने घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की आठवड्यात चार रात्री केअरटेकर मावशी येतील, त्यांचा पगार दादा देईल, आणि दर महिन्याला एक आठवडा तो स्वतः इथे येऊन राहील, लॅपटॉप घेऊन. पहिल्या वेळी तो आला तेव्हा मी मैत्रिणीकडे झोपायला गेले. रात्री दोन चाळीसला फोन वाजला. दादा कुजबुजत होता, "बाबा दाराशी उभे आहेत. घरी जायचं म्हणतायत. काय सांगू?"

"पिशवी भरायला मदत कर."

"काय?"

"मदत कर म्हटलं. भरता भरता दमतात."

सकाळी नऊ दहाचा त्याचा नेहमीचा फोन त्या आठवड्यात अर्थातच आला नाही, आणि पुढेही तो वेगळ्याच आवाजात यायला लागला. वर्तमानपत्राचा सल्ला बंद झाला. रात्रीचं नऊ दहा म्हणायचं होतं मला. बघा, अजून घड्याळाचा घोळ होतो.

चार महिन्यांनी पुन्हा पट्टा. तीच मुलगी, त्याच सूचना, तोच कागद. या वेळी दिवसाची सरासरी १२७/७९, रात्रीची ११३/६८. उतार अकरा टक्के. म्हणजे काठावर पास. त्यात गोळीचं श्रेय किती आणि मावशींचं किती हे मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, वेगळं काढता येणार नाही आणि काढायला मावशींना रजाही देऊ नका. मुलीचं पोट अजून अधूनमधून दुखतं. पण परवा ती मी घरात शिरल्याबरोबर, चपला काढायच्याही आधी, तिच्या वर्गातल्या कुठल्यातरी भांडणाची लांबलचक गोष्ट सांगत सुटली आणि मी दारातच उभी राहून ती शेवटपर्यंत ऐकली.

डायरीतल्या रात्रीच्या रकान्यात या वेळी एकच नोंद होती. तीन वाजून दहा मिनिटांनी जाग. घंटी वाजली नव्हती. मी उठून बाहेर आले तर मावशी खुर्चीत बसून विणत होत्या, आणि बाबा गाढ झोपले होते. त्यांनी मला हातानेच खूण केली, जा, झोप. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: सवय.